अश्दोदचं बाक आणि एस्तेरआजींचा चहा

किस्से मुद्दाम कोणी जमवत नाही हो! शिवणाच्या डब्यात बटणं साठतात तसे ते आपोआप साठत जातात, आणि एक दिवस झाकण बसेनासं होतं. माझ्या डब्याचं आता तसंच झालंय, म्हणून थोडे काढून ठेवते.

आम्ही तिघी रायगडच्या. मी रेखा, पेणच्या खाडीकडची. वडील मिठागरावर होते. प्रमिला उरणची, नवरा न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतो. वंदना दिवेआगरची, वादळात सुपारीची वाडी आडवी झाली तेव्हा कोर्स करून बाहेर पडली. तिघीही इस्रायलमध्ये अश्दोद शहरात म्हाताऱ्या माणसांच्या घरी राहून त्यांचं सगळं बघतो. कागदावर ‘केअरगिव्हर’, घरी विचाराल तर आया, नर्स, स्वयंपाकीण आणि कधीकधी भांडायला हक्काचं माणूस.

शनिवारी इथे शब्बात. बस बंद, दुकानं बंद, पोरंबाळं आईबापाजवळ येऊन बसतात, म्हणून आम्हाला सुट्टी. चालत जाऊन समुद्राजवळच्या बागेतलं एक बाक धरायचं, डबे उघडायचे आणि आठवड्याचं सगळं ओकायचं. सायरनचंही बोलणं होतं, पण ते मी इथे सांगत नाही. ते किस्से नव्हेत.

*

पहिला मान प्रमिलाचा. पनवेलच्या एजंटकडे तिचा इंटरव्ह्यू.

“म्हाताऱ्या माणसाची सेवा करायचा अनुभव आहे?”

“हाय ना. सासू.”

“किती वर्षं?”

“बावीस.”

“सर्टिफिकेट आहे का कुणाचं?”

प्रमिलाने पर्समधून मोबाइल काढला, सासूला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. “आये, साहेब इचारतान, मी तुमचा बरा करतंय का?”

एजंट पेन धरून बसलेला. मग सासूबाई म्हणाल्या, “बरी करते. पन च्या पांचट करते!”

सिलेक्शन जागेवर झालं. एजंट म्हणे, एवढा खरा रेफरन्स मला आजवर कुणी दिला नाही!

*

माझी एस्तेरआजी. वय शहाऐंशी. मी येताना तीन महिने घासून हिब्रू शिकले होते. दार उघडल्यावर काय म्हणायचं, औषधाचं कसं विचारायचं, दुखतंय कुठे हे कसं विचारायचं, सगळं पाठ. दिनाताईंनी, म्हणजे आजींच्या मुलीने, मला आत नेलं. आजी खुर्चीत. मी हात जोडून पाठ केलेली चार वाक्यं एका दमात म्हणून टाकली.

आजींनी मला खालून वर बघितलं आणि म्हणाल्या, “भाकरी येते का गो?”

चक्क मराठीत! आजी मूळच्या किहीमच्या. बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू. वडिलांचा तेलाचा घाणा, शनिवारी तो बंद म्हणून गावात ‘शनवार तेली’. लग्न करून विशीत बोटीने इकडे आल्या. एजन्सीच्या फॉर्मवर ‘भाषा’ या रकान्यात मराठी लिहिलेलं होतं, पण मला वाटलं ते माझंच लिहिलंय.

“येते,” मी म्हटलं.

“तांदलाची?”

“तांदळाचीच.”

“मग बॅग ठेव.”

माझा इंटरव्ह्यू एवढाच.

*

वंदनाचे आजोबा फार धार्मिक. शब्बातला ते स्वतः दिव्याचं बटणही दाबत नाहीत, आणि दुसऱ्याला ‘दाब’ असं सरळ सांगतही नाहीत. इशारा करायचा, समोरच्याने समजून घ्यायचं. ही रीत वंदनाला कुणी सांगितलेलीच नव्हती.

पहिल्याच महिन्यातला शनिवार, तिची सुट्टी सुरू व्हायला अजून दोन तास. उन्हाळा म्हणजे काय उन्हाळा! आजोबा म्हणाले, “वंदना, आज फार गरम होतंय.”

आता ही बाई दिवेआगरला दहा वर्षं होमस्टे चालवलेली. लाइट गेली की पाहुणा गरम होतंय म्हणणारच, आणि आपल्या हातात काही नसलं की त्याला फक्त साथ द्यायची, हे तिच्या अंगात मुरलेलं.

“हो ना आजोबा! फारच!”

पाच मिनिटांनी आजोबा: “एसीची खोली किती छान असते.”

“असते ना! आमच्याकडे पण दोन रूम एसी होत्या.”

आजोबांनी रुमाल काढला, मानेवरून फिरवला, भिंतीवरच्या एसीकडे टक लावून बघितलं. वंदनाने त्यांना लिंबूसरबत आणून दिलं. शेवटी घामाने डबडबलेले आजोबा कळवळून म्हणाले, “वंदना, तुला गरम होत नाही का गं?”

वंदना गोड हसून म्हणाली, “मला सवय आहे!”

दुपारी नातू आला तेव्हा कुठे उलगडा झाला. आजोबांनी रागावायचं सोडून त्या दिवसाचं नाव ‘दिवेआगर’ ठेवलंय. आता फार उकडलं की एवढंच म्हणतात, “आज दिवेआगर आहे.” वंदना उठते आणि एसी लावते.

*

प्रमिला ज्या आजींकडे कामाला आहे, त्या घरी धर्माप्रमाणे मटण आणि दूध यांची गाठ पडू देत नाहीत. भांडी वेगळी, कपाटं वेगळी, धुवायचे काथे वेगळे. प्रमिलाने ते नीट शिकून घेतलं होतं. पण एकदा तिला घरच्या चवीची हुक्की आली, आणि तिने मटणात नारळाचा रस घातला.

त्या आजींच्या मोठ्या मुलाने झाकण उघडलं. आत पांढरीशुभ्र ग्रेव्ही! त्याचा चेहराही तितकाच पांढरा झाला. पातेलं बाहेर, चमचे बाहेर, आईला कुणी तोंडात घालू देईना. प्रमिला हिब्रूत समजवायला गेली तर घाबरून तिला एक शब्द आठवेना.

मग ती आत गेली, उरलेला एक नारळ घेऊन आली, आणि सगळ्यांच्या देखत दाराच्या उंबऱ्यावर आपटून फोडला! पाणी उडालं, धाकटी सून किंचाळली. प्रमिलाने खोबरं काढलं, तिथेच किसलं, पिळलं आणि वाटीतला पांढरा रस सगळ्यांना फिरवून दाखवला.

मटण संपलं. एक घास उरला नाही. तेव्हापासून पाहुणे आले की मोठा मुलगा स्वतः नारळ आणतो आणि म्हणतो, आधी दाराशी फोड. जेवणापूर्वीचा काही विधी असावा अशी त्याची समजूत झालीय आणि प्रमिला ती काही काढत नाही.

*

मी दोन वर्षांनी सुट्टीवर घरी गेले तेव्हा आजींनी एकच गोष्ट मागितली. मीठ. खाडीकडचं, जाडं. मी दोन किलो आणलं. विमानतळावर तपासणीच्या माणसाने बॅग उघडली, पिशवीतले ते खडे बघितले आणि दुसऱ्याला बोलावलं. दुसऱ्याने तिसऱ्याला. “हे काय आहे?” मी एक खडा तोंडात टाकून चघळून दाखवला, दुसरा त्यांच्यापुढे धरला. सोडलं बाई एकदाचं!

घरी मला खोडी सुचली. एका वाटीत इथलं जाडं मीठ, दुसरीत आमचं. आजींना डोळे मिटायला सांगितले. त्यांनी जीभही लावली नाही, नुसतं चिमटीत घेऊन चोळलं. “ह्ये इथलं. आन् ह्ये...” चिमूट मुठीत धरून बसून राहिल्या.

त्यांच्याकडे मटण शिजवण्याआधी मिठात ठेवून धुवायची रीत, त्यामुळे सत्तर वर्षं हात मिठात. औषध घेतलं की नाही हे विसरतील, पण मिठाला त्यांची बोटं फसत नाहीत. ती दोन किलोची पिशवी निळ्या झाकणाच्या बरणीत गेली, साखरेच्या शेजारी.

*

माझी आई रोज व्हिडिओ कॉल करते. माझ्यासाठी नाही, आजींसाठी! गेल्या हिवाळ्यात आजी बाथरूममध्ये पडल्या आणि तेव्हापासून फार थकल्या. आई कळवळून म्हणाली, “रेखे, आजींना चिंबोऱ्यांचा कालवण करून घाल. ताकद येल.”

मी कपाळाला हात लावला. खेकडे, कोळंबी यांच्या धर्मात चालत नाहीत. आता आजी काय म्हणतात या धास्तीने मी फोन आपल्याकडे वळवायला गेले, तर आजींनी तो ओढून घेतला.

“बाय, आमी न्हाय खात चिंबोऱ्या,” आजी म्हणाल्या. मग फोन तोंडाशी नेऊन हळूच, “पन शेजारी शिजायच्या ना, त्यो वास अजून नाकात हाय.”

दोघी हसत सुटल्या. मला फोन परत मिळाला तेव्हा बॅटरी संपली होती.

*

आता शेवटचा.

त्या पडण्यानंतर आणखी एक झालं. आजींची हिब्रू हळूहळू गेली. साठ वर्षांची भाषा, पण आधी तीच गेली आणि किहीमची मराठी तेवढी राहिली. दिनाताईंना मराठी ‘ये, बस, जेव’ एवढीच. म्हणजे घरात आजींशी बोलणारी मी एकटी.

त्यात सरकारी ऑफिसचं पत्र आलं. एक बाई येऊन आजींना तपासणार. माणूस स्वतःचं स्वतः किती करू शकतो ते बघून ठरवतात, त्याला घरात राहणारी बाई द्यायची की नाही. ‘नको’ असं लिहिलं तर मी परत, आणि दिनाताईंची नोकरी दूरच्या गावी, म्हणून आजी वृद्धाश्रमात. तिथे त्यांना पाणी मागितलेलंही कुणाला कळलं नसतं. मला त्याचीच भीती. माझं मी कुठेही पोट भरीन.

आदल्या संध्याकाळी केस विंचरताना मी त्यांना सगळं सांगितलं. “आजी, उद्या फक्त बसून राहा हं. रोज जसं होतं तसंच दिसू दे.” आजींनी डोळे मिटलेले होते. कळलं की नाही, देव जाणे.

बाई आली. तरुण, हसरी, हातात फाइल. खुर्चीत टेकली मात्र, आणि आजी ताडकन म्हणाल्या, “आगो, पावणी आली घरात, आन् च्या कोन ठेवणार?”

आणि उठल्या! आठ महिने माझ्या हाताशिवाय न उठलेल्या आजी वॉकर धरून उठल्या आणि स्वयंपाकघराकडे निघाल्या. मी धावले, तर ऑफिसच्या बाईने हाताने थांबवलं. “करू दे. मी आहे त्यांच्याजवळ.” ती आजींच्या मागे उभी राहिली. मी आणि दिनाताई दाराबाहेर, एकमेकींकडे बघत. आत गॅस पेटल्याचा आवाज. बरणीचं झाकण. मी मनात बॅग भरायला घेतली.

बाई लिहीत होती आणि विचारत होती. प्रश्न मीच मराठीत करायचे, उत्तरं मीच हिब्रूत सांगायची.

“चहा रोज त्याच करतात?”

“मंग! रोज मीच करते.” केलं भाषांतर. खोटं बोलायला जीभ वळली नाही.

“आणि ही रेखा कोण?”

“ही? पावणी हाय. देशावरनं नाय, आपल्या पेनकडची.”

“ही घरात काय काम करते?”

आजींना तो प्रश्नच आवडला नाही. “पावण्याला कोन काम सांगतो का?”

तेही सांगितलं. माझ्याच तोंडाने माझी नोकरी घालवायची वेळ माझ्यावर आली होती, आणि गंमत म्हणजे मला आजींचा राग येत नव्हता. किती दिवसांनी त्या अशा ताठ उभ्या होत्या!

चहा झाला. एकच कप. दिनाताईंनी “आम्हाला?” अशी खूण केली, तर आजी म्हणाल्या, “पावणी पयली.” कप बाईच्या हातात दिला आणि समोर बसून तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

बाईने एक घोट घेतला. थांबली. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. आजी प्रेमाने मान हलवत होत्या, म्हणून बिचारीने आणखी एक घोट घेतला, कप हळूच खाली ठेवला आणि फाइल उघडून आधीचं बरंच काही खोडलं.

जाताना दारात दिनाताईंना म्हणाली, “यांना स्वयंपाकघरात एक दिवसही एकटं सोडू नका. ही मुलगी इथेच राहायला हवी. मी तसं लिहितेय.”

दार लागलं. दिनाताईंनी उरलेला चहा चाखला, थू थू केलं आणि कप घेऊन तिथेच हसत की रडत बसल्या. मी आजींना धरून खुर्चीत बसवलं, पायावर शाल घातली. आजींनी माझा हात ओढून मला खाली वाकवलं.

“रेखा गो,” त्या हळूच म्हणाल्या, “कमी तं न्हाय ना पडलं मीठ?”