राजीखुशीने

उल्हासनगरच्या दस्तनोंदणी कचेरीबाहेर टाइपरायटर घेऊन बसणारे काका मला कॉलेजला जाताना रोज दिसत. पुरुषांवर ते खेकसत. हक्कसोडपत्र करायला आलेल्या बायकांना मात्र आधी चहा पाजून विचारत, "ताई, राजीखुशीने ना?"

चामटोलीच्या जमिनीतला वाटा बाबांच्या नावे सोडायला आमच्याबरोबर आलेल्या माझ्या आत्यालाही त्यांनी तेच विचारलं.

"राजीखुशीनेच," बाबा म्हणाले.

"अंगठा तुमचा आहे का, शेठ?" काकांनी शाईचं पॅड मिटलं.

आत्याने ते स्वतःच उघडलं आणि काकांपुढे अंगठा धरला. "घे रे दादा. वाटा मागितला तर माहेर तुटंल माझं."

काकांनी ठसा घेतला. अंगठा पुसायला त्यांनी तिला स्वतःचा रुमाल दिला. बाबांना किंवा मला ते सुचलंही नव्हतं.