तीन बोटं कापड

कात्री माझ्या हातात होती. अंबादासच्या नाही.

एवढं लिहायला मला आठ वर्षं लागली. आज पहाटे अंबादास गेला.

किन्हीराजाचा अंबादास. सहा एकर वावर, कापूस आणि तूर. बाजाराच्या दिवशी वाशीमकडच्या मालेगावला माझ्या टेलरिंगच्या दुकानात येऊन बसायचा, पण शर्ट कधी माझ्याकडे शिवला नाही.

"तुयं माप लई कडक असते मास्तर. मले श्वास घ्या लागते."

कडक असतं, मान्य. मी कुठल्या क्लासला गेलो नाही. जुने कोट उसवून, पुन्हा जोडून शिकलो. पाव इंचाचा फरक मला नुसत्या नजरेनं कळतो.

कळतो, असं मी समजायचो.

आपल्या भागातले एक भन्तेजी तेव्हा थायलंडला शिकत होते. तिथल्या एका खेड्यात विहाराचा उत्सव होता, कठिन चीवरदानाचा, म्हणजे भिक्खूंना नवं वस्त्र देण्याचा. त्यांचा फोन आला, "कापूसवाला आणि टेलर, दोघंही या."

तिथली रीत ऐकून मी हादरलो. कापूस वेचायचा, सरकी काढायची, सूत कातायचं, विणायचं, कापायचं, शिवायचं, रंगवायचं आणि भिक्खूसंघाला अर्पण करायचं. सगळं चोवीस तासांत.

आदल्या दिवशी दुपारी चारला वेचणी सुरू झाली. अंबादास सगळ्यांच्या पुढे. तिथल्या बाया त्याच्या हाताकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी अकराला मागावरून कापड उतरलं. विणणाऱ्या म्हातारीच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. तिनं दोन्ही हातांनी कात्री मला दिली.

कापडाचं एक टोक मी धरलं, दुसरं अंबादासनं.

"जास्त ताणून राह्यला तू. सोड जरासं."

"तू कापूस पेर. कापायचं मले नको सांगू."

मी कापलं.

ताण सुटला आणि कापड आक्रसलं. टेप लावला. एक तुकडा तीन बोटं कमी.

पुन्हा लावला. तीन बोटं.

म्हातारी उठून उभी राहिली. नवं विणायला ना सूत होतं, ना वेळ.

थोरले भन्ते काहीतरी बोलले. आपल्या भन्तेजींनी हळूच मराठीत सांगितलं, "विचारताहेत, हे कसं झालं?"

भारतातून आलेला टेलर म्हणून सकाळीच माझी ओळख करून दिली होती.

अंबादासनं हात वर केला.

"म्या ओढलं. मास्तर नाही म्हनत होता, तरी ओढलं."

सकाळीच आम्ही सगळ्या गावासोबत पंचशील म्हटलं होतं. चौथं शील, खोटं न बोलण्याचं.

मी गप्प राहिलो.

तो माझ्या कानाशी वाकला. "आता बसू नको रडत. वावर कमी पडलं त धुरा रुंद कर."

चीवर शेतासारखं जोडतात. तुकडे म्हणजे वावरं, मधल्या पट्ट्या म्हणजे धुरे, शेताचे बांध. हे मला पाठ होतं. सुचलं मात्र त्याला. आणि हा माणूस वीतभर धुऱ्यासाठी चुलतभावाविरुद्ध वाशीमच्या कोर्टात तारखा करत होता!

उरलेल्या कापडाची रुंद पट्टी काढली. मशीनवर बसलो. एक वाजला. सुई मोडली. दोन वाजले. अडीचला चीवर फणसाच्या लाकडाच्या रंगात बुडवलं आणि वीस जणांनी धरून उन्हात हलवलं.

चारला पाच मिनिटं कमी असताना दान झालं.

दानाआधीच्या मिरवणुकीत चीवर माझ्या डोक्यावर होतं. अंबादासला त्या दिवशी पुन्हा कुणी कापडाला हात लावू दिला नाही. तो रंगाच्या चुलीत लाकडं सारत बसला होता.

मिरवणुकीचा तो फोटो तुम्ही सगळ्यांनी माझ्या दुकानात पाहिलाय. त्यात अंबादास नाही.

मालेगावला माझा सत्कार झाला. तो तिसऱ्या रांगेत टाळ्या वाजवत होता. कुणीतरी त्याला चिडवलं, "अंबादासभाऊ, तुमी तिथं कापड बिघडवलं म्हन्ते?"

"हौ बाप्पा. वावरात डवरं धरनारे हात, काय करतं."

लोक हसले.

मीही हसलो.

परवा वाशीमला दवाखान्यात त्याला म्हटलं, "लोकाईले खरं सांगून टाकतो."

त्यानं डोळे उघडले नाहीत. "कायले? कापड पुरलं ना?"

"पुरलं."

"मंग झालं त."

तेवढं बोलणं कारण म्हणून मला पुरलं. आणखी दोन दिवस गप्प बसलो.

आता ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, त्यांनी वाचा. कापड मी बिघडवलं. अंबादासनं वाचवलं. फोटो उतरवलाय.

आज दुपारी त्याच्यासाठी पांढरा सदरा शिवला. टेप लावला नाही.

ढिला ठेवलाय, गड्या.

अखेरचा जय भीम.