बसप्पांनी ठेवलेला गाळ

सुई टिश्यू पेपरला पुसली, आणि मगच लक्षात आलं की पायांची जोडी सुईलाच चिकटलेली होती.

तासभर तो कागद मायक्रोस्कोपखाली धरून बसलो. काही सापडलं नाही. प्राणी होता रव्याच्या कणाएवढा. कारवारच्या समुद्रतळातल्या चिखलात राहणारा, कोळंबीच्या लांबच्या नात्यातला. माद्या पाच मिळाल्या होत्या, नर एकच. या गटात नराच्या पाचव्या पायांवरून जात ओळखतात. नेमके तेच मी पुसून टाकले होते. चूक घाईची होती, आणि घाईला कारण होतं.

बसप्पा अण्णा आमच्या धारवाडच्या कॉलेजातले लॅब अटेंडंट. तीस वर्षं ते माझ्याबरोबर कारवारला येत आणि चिखल चाळत. ही जात नवी निघाली तेव्हा तिला त्यांचंच नाव द्यायचं मी ठरवलं. पण पेपर छापून आल्याशिवाय नाव लागू होत नाही, आणि अण्णांच्या किडन्या निकामी होत चालल्या होत्या. डॉक्टरांनी आशा सोडली होती.

मग मनात पाप आलं. जवळच्या सगळ्या जातींत त्या पायावर दोन काटे असतात. पेपरातल्या चित्रात इथंही दोनच काढले तर कोण बघायला येणार आहे? काढले. चित्र झकास जमलं.

ते घेऊन केलगेरीला त्यांच्या घरी गेलो. अण्णा कॉटवर उठून बसले, चष्मा मागवून घेतला, चित्र न्याहाळलं.

"हे पाय कुठं बघितला, सर? हरवले म्हणत होता की."

"अंदाजानं काढले. असेच असणार."

अण्णांनी कागद माझ्या हातात परत दिला. "नोडलारद बरीब्याड्री, सर." न बघता लिहू नका.

"अण्णा, तुमचं नाव लागायला उशीर होईल."

"होऊ दे की. खोट्या पायावर माझं नाव नको."

मी चिडलो. अंथरुणाला खिळलेल्या माणसावर आवाज चढवला, त्याची आजही लाज वाटते. लॅबमध्ये येऊन चित्र फाडलं आणि पेपर थांबवला. दीड महिन्यात अण्णा गेले.

पुढं त्यांचं कपाट आवरायला घेतलं. आत बरण्याच बरण्या. प्राणी निवडून झाले की उरलेला गाळ फेकून देतात. अण्णा तो फॉर्मालिनमध्ये ठेवायचे. आत कन्नडमध्ये, पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी, कारण शाई विरघळते. "ही अडगळ कशाला?" म्हणून मी कितीदा ओरडलो असेन! "इरली बिडरी, सर," राहू द्या, एवढंच म्हणायचे.

हा प्राणी मिळाला त्या ट्रिपची बरणी शोधून गाळ पुन्हा निवडायला बसलो. सोळाव्या दिवशी दुसरा नर मिळाला.

पायावर काटे तीन होते.

पेपर छापून आला तेव्हा प्रत घेऊन पुन्हा केलगेरीला गेलो. अण्णांच्या पत्नी गंगव्वा अक्का दारातच बसल्या होत्या. त्यांना नाव दाखवलं. त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "ते पाय मिळाले का हो, सर? शेवटपर्यंत विचारत होते."

"मिळाले, अक्का. त्यांच्याच बरणीत."

अक्कांनी पदर डोळ्यांना लावला.

आमच्या लॅबमध्ये आता गाळ फेकत नाहीत. आणि सुई पुसण्याआधी मी ती मायक्रोस्कोपखाली धरतो.