कामिकोचीच्या तळ्याकाठी

जपानचं वेड माझं. नवऱ्याला डोंगर-तळ्यांचं काहीच नव्हतं. सुट्टी म्हणजे झोप, एवढंच त्याला ठाऊक. त्यामुळे गेल्या वर्षी त्याने आपणहून जपानची तिकिटं काढली तेव्हा मला भरून आलं. त्याच्या नोकरीपायी मी पुणं सोडून नेदरलँड्सला आले होते. उइटहॉर्नच्या घरात मुलगी वाढवली, डच शिकले आणि पुष्कळ उशिरा स्लोटरडाइकच्या एका ऑफिसात कामाला लागले. मला वाटलं, त्या सगळ्याची त्याने आता कुठे दखल घेतली. मुलगी ग्रोनिंगनला शिकत होती, ती आली नाही.

जपानात आधी निक्कोला गेलो, तर तिथला धबधबा धुक्यात हरवला होता. नुसता आवाज ऐकून परतलो. तो चिडला नाही, उलट म्हणाला, "चल, तुला गरम काहीतरी घेऊ." एरवी त्याने खापर माझ्यावर फोडलं असतं. त्याचं ते गोड वागणं मला खटकायला हवं होतं. मी मात्र सुखावले.

कामिकोचीला हवा लख्ख होती. तिथे खाजगी गाड्या नेऊ देत नाहीत, बसनेच जायचं. तळ्यात वाळलेली झाडं उभी होती, मागचा डोंगर पाण्यात उतरला होता. मी काठावरच बसले. मग म्हटलं, "इथे आणलंस, बरं वाटलं."

"मला तुझ्याशी बोलायचंय," तो म्हणाला. "परत गेल्यावर मी वेगळा राहणार आहे. घर बघून ठेवलंय."

मला आधी वाटलं, ऑफिसच्या कामासाठी. "कुठे बदली झाली?"

"बदली नाही गं. मला आता हे लग्न नकोय."

शेजारी एक जपानी कुटुंब बदकांकडे बोट दाखवून हसत होतं. मी विचारलं, "हे सांगायला इथे आणलंस?"

"तुला जपान बघायचं होतं ना. म्हटलं, ते तरी राहायला नको."

'ते तरी.' उरलंसुरलं पानात टाकावं तसं त्याने मला जपान वाढलं होतं.

सहल निम्मी उरली होती. मी म्हटलं, परत जाऊ. तो म्हणाला, "बुकिंग सगळं झालंय, आणि तिथे जाऊन तरी काय करणार आहेस?" मी बॅग उचलली, आणि आम्ही पुढे गेलो. फुजी दिसतो त्या तळ्यावर एका म्हाताऱ्या जोडप्याने आमचा फोटो काढून देऊ केला. आजीबाई हातांनी खुणावत होत्या, जवळ या, आणखी जवळ. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी हसले. त्या बाईंना वाईट वाटू नये म्हणून हसले, स्वतःसाठी तेवढं कधी केलं नाही.

उइटहॉर्नला पोचल्यावर मुलीला फोन केला. कसं सांगावं याची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात तीच म्हणाली, "सो ही टोल्ड यू?"

"तुला माहीत होतं?"

"सिन्स द समर. आय थॉट तो जायच्या आधी सांगेल. आय ॲम सॉरी, आई."

नवऱ्याच्या बोलण्यापेक्षा ते जास्त लागलं. उन्हाळ्यात ती घरी आली होती. मी टेबलावर नकाशे पसरून तिला एकेक तळं दाखवत होते, आणि ती ऐकून घेत होती.

आठवडाभरात तो सामान घेऊन गेला. यंदा गणपतीला मराठी मंडळाच्या हॉलमध्ये ओळखीच्या एकीने विचारलं, "आम्ही जपानला चाललोय, काय काय बघू?" मी तिला कामिकोची सांगितलं. सकाळची पहिली बस घ्या म्हटलं, नंतर गर्दी होते. ती फोनमध्ये टिपून घेत म्हणाली, "तुम्ही दोघांनी केलं ना सगळं? किती नशीबवान!"

"हो," मी म्हटलं, आणि प्रसादाच्या रांगेत जाऊन उभी राहिले.