फळीवरून कापलेले हात

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना जालन्याच्या कॉलेजात इतिहासाच्या सरांनी आम्हाला एका चित्राची छापील प्रत दाखवली. इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरातली मुलगी, पाचशे वर्षांपूर्वीची. वय सोळा-सतरा. कुरळे केस, फिकट चेहरा, मागे टोकदार पानांचं दाट झुडूप. हसत नाही, बसवलंय म्हणून बसलेली दिसते. सर म्हणाले, चित्र लाकडी फळीवर आहे आणि त्या फळीचा खालचा भाग कधीतरी कुणीतरी कापून टाकला. त्यात मुलीचे हात असावेत, असं जाणकारांचं मत आहे. का कापला, ते नक्की कुणालाच माहीत नाही.

मला भयंकर राग आला, तो मी सरांवरच काढला. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजला कुणी गेलं नव्हतं. चित्राचा इतिहास असतो हेच मला नवं होतं. सरांनी स्वतःच्या कार्डावर लायब्ररीतली पुस्तकं काढून दिली. ते उपकार मी विसरणार नाही. त्यात वाचलं की त्या मुलीचं लग्न सोळाव्या वर्षी, दुपटीच्या वयाच्या बिजवराशी झालं. ती कविता करायची, त्यातली एक ओळ तेवढी उरली. फळीच्या पाठीमागे मात्र तिच्या शीलाची आणि रूपाची स्तुती रंगवलेली आहे, ती अजून वाचता येते. पुढे चित्र एका राजघराण्यानं अमेरिकेतल्या संग्रहालयाला विकलं. हातांबद्दल कुणी जाब विचारल्याचं मला कुठे सापडलं नाही.

आता मी जालन्यातच शिकवते. शिकलेली म्हणून भावकीतल्या मुलींचे लग्नाचे बायोडाटा करायचं काम माझ्याकडे येतं. गेल्या वर्षी केदारखेड्याहून काका त्यांच्या मुलीला घेऊन आले. नववीत असताना, कडबाकुट्टीच्या मशीनीत चारा सारताना तिच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. ती डाव्या हातानं लिहायला शिकली आणि बी.कॉम. झाली. आधी एक स्थळ बघून गेलं होतं. काकूंनी तिला उजवा हात पदरात गुंडाळून बसवलं होतं. मुलाच्या मामानं रिवाजाप्रमाणे कागद पुढे करून नाव लिहायला सांगितलं. तिनं डाव्या हातानं लिहिलं. त्यांनी पोहे संपवले आणि ते गेले ते गेलेच.

यावेळी जुन्या जालन्यातल्या स्टुडिओत फोटो काढला. तिनं मांडीवर हात ठेवताना मुद्दाम उजवा वर ठेवला होता. फोटो माझ्या मोबाइलवर आला तसे काका म्हणाले, "खालचं तेवढं काढून टाक."

"काका, हात दिसू द्या की."

"चेहराच बघतेत लोक. एकदा घरी आले, पोरगी चार शब्द बोलली, की मंग हाताचं काही वाटत न्हाई. तिचं भलंच बघून राह्यलो ना मी?"

मी मान डोलावली. फोटोची खालची कड बोटानं वर सरकवली, कोपरांच्याही वर. दोन सेकंद लागले. पाचशे वर्षांपूर्वीच्या मुलीसाठी सरांशी तावातावानं बोलणारी मी!

चहा घेऊन आलेल्या त्या चुलत बहिणीनं मोबाइल बघितला. "आक्का, अंतरपाट सरकल्यावर हार कशानं घालू? का तो जन्मभर तसाच धरायचा?"

"गप बस," काका म्हणाले.

"बोटं मशीनीत गेल्ती दादा, चोरी करताना न्हाई," ती वडिलांना म्हणाली.

तेव्हा मला माझीच लाज वाटली, आणि त्यापेक्षा जास्त राग आला. गुरांना चारा घालायला हा हात चालतो. डाव्यानं थापलेली भाकरी चालते. फक्त फोटोत चालत नाही. मी कड पुन्हा खाली ओढली.

"तुला शिकवलं ते ह्याच्यासाठी का?" काकांनी विचारलं. कॉलेजच्या तीन वर्षांत माझं धान्य त्यांच्या घरून यायचं. मी फोटो पूर्णच ठेवला. खाली टाइप केलं: 'उजव्या हाताची दोन बोटे अपघातात गेली आहेत, तरी स्वयंपाक, शेतकाम, संगणक सर्व उत्तम येते.'

बहिणीनं वाचलं. "अपघातापर्यंत बराबर हाय. 'तरी'पासून पुढचं काढ."

"का?"

"सूट मागितल्यासारखं वाटतंय. दुसऱ्या पोरींच्या बायोडाटात लिहितीस का, दहा बोटं आहेत तरी सगळं येतं म्हणून?"

मी तेवढं खोडलं. काका दारात पाठमोरे उभे होते. मागे न बघता, बायोडाटा पाठवायला त्यांनी शहागडच्या एका स्थळाचा नंबर सांगितला.