हीट नंबर घातलेली भाकरी

सबंध कोल्हापुरात आपल्या जेवणाला नंबर घालणारा माणूस एकच होता, आणि तो राजारामपुरीत आमच्या खालच्या मजल्यावर राहत होता. नंबर म्हणजे मार्क नव्हेत. खालच्या काकांनी तीस वर्षं शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत भट्टी सांभाळली होती. तिथे वितळलेल्या लोखंडाच्या प्रत्येक खेपेला ‘हीट’ म्हणतात. तिला नंबर पडतो, आणि त्या खेपेतून ओतलेल्या प्रत्येक कास्टिंगवर तो उमटतो. भट्टीत भंगार किती घातलं, कोक किती, हा सगळा ‘चार्ज’ रजिस्टरात त्या नंबरासमोर लिहिलेला असतो. पुढे वीस वर्षांनी एखादा भाग तडकला, तरी नंबर बघून पान उघडायचं आणि चूक कुठं झाली ते सांगायचं. काका निवृत्त झाले तेव्हा भट्टी सुटली, पण रजिस्टर सुटलं नाही. सकाळच्या पोह्यांपासून रात्रीच्या ताकापर्यंत जे पोटात जाई, त्याला नंबर पडे. “हीट नऊशे चौदा. चार्ज : दीड भाकरी, मेथी, ताक. दोन तासांनी साखर एकशे अडतीस. शेरा : ओतकाम साफ.” हे ते स्वतःशी मोठ्याने म्हणत लिहीत, आणि काकांचं स्वतःशी बोलणं समोरच्या क्लासमधल्या मुलांनाही ऐकू जाई.

या सगळ्याचं खापर माझ्यावर फुटायला हवं. मी तेव्हा बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी करत होते. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांत माझा गोंधळ होई, आणि एकूणच बोलण्यापेक्षा जिना पटकन चढून जाणं मला सोपं वाटे. पण काकांना नुकताच मधुमेह निघाला होता आणि एके दिवशी त्यांनी मला जिन्यातच अडवलं.

“पोरी, तू रक्ताचंच शिकतीयास न्हवं? आमच्या घरात ही साखर रक्तातच हाय. बापाचे डोळे गेले, थोरल्याचा पाय गेला. साठी कुणीच बघितली न्हाय. आता मी. माझ्यामागं माझी लेक. ह्याला काय इलाज हाय का न्हाय?”

आवाज नेहमीसारखाच चढा होता, पण हातातली शेपूची जुडी त्यांनी नको इतकी घट्ट धरली होती. म्हणून मी, आयुष्यात पहिल्यांदाच, जिन्यात उभी राहून सलग पाच मिनिटं बोलले. म्हटलं, काका, जीन्स मिळतात त्या आईबापांकडून, पण त्यांच्यावर बारीक रासायनिक खुणा बसत असतात. कुठल्या जीननं बोलायचं आणि कुठल्या जीननं गप्प बसायचं, हे त्या खुणा ठरवतात. आपण काय खातो, किती हलतो, किती झोपतो, यानं त्या खुणा बदलतात. वय वाढतं तशाही बदलतात. पोटातल्या बाळावर आईच्या खाण्याच्या खुणा बसत असाव्यात. उंदरांमध्ये हे स्पष्ट दिसलंय. माणसांमध्ये अजून पुरतं कळलेलं नाही.

काकांनी जुडी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, “म्हंजे साच्याचा पॅटर्न त्योच, पण भट्टीत काय घातलं त्यावर कास्टिंग!”

मी दोन वर्षांत जे शिकले होते ते त्यांनी एका वाक्यात ओतून मोकळं केलं. शेवटचं ‘पुरतं कळलेलं नाही’ मात्र त्यांनी ऐकलंच नाही. “उंदराला कळतंय, मग मला कळायला काय झालं?” म्हणत ते त्याच पावली नवं रजिस्टर आणायला गेले.

त्यानंतर काकांचं घर म्हणजे फौंड्री झाली. काकूंनी आमटीला फोडणी घातली की मागून प्रश्न येई, “तेल किती?” काकू म्हणत, “तीस वर्षं तुमाला जेवाय घातलं, तवा न्हाय इचारलं ते!” पण काकांचा एक नियम अजब होता. ते चोरून खात, आणि चोरून खाल्लेलंही रजिस्टरात लिहीत. खोटं हीट लिहिणाऱ्या माणसाला त्यांनी एकदा तिथल्या तिथे कामावरून काढलं होतं. आता स्वतःला कसं सोडायचं? त्यामुळे “हीट तीनशे दोन. चार्ज : लोणी डोसा, उभ्या उभ्या. शेरा : बायकोला सांगू नये,” असं ते सुवाच्य अक्षरात लिहून ठेवत आणि काकू ते संध्याकाळी सुवाच्य अक्षरातच वाचत.

तरीही तीन महिने त्यांची साखर उतरेना. रजिस्टर माझ्याकडे तपासणीला आलं. मी चार पानं उलटली आणि थांबले. प्रत्येक जेवणाच्या शेवटी दोनच अक्षरं होती : गूळ.

“काका, हा गूळ?”

“त्यो गूळ हाय. साखर कवाच बंद केलीया.”

“पण गूळ म्हणजे साखरच की.”

“पोरी!” काका खुर्चीतून उठलेच. “साखर कारखान्याची. गूळ आमचा हाय!”

मधुमेहाचं पथ्य म्हणून मनोभावे गूळ खाणारी माणसं आमच्या जिल्ह्यात खेडोपाडी सापडतील, पण त्यातला खडान् खडा नोंदवून ठेवणारा हाच एक. त्यांनी स्वतःच पान उलटलं, नंबरांवरून बोट फिरवलं, आणि हिरमुसून म्हणाले, “व्हय. खोट चार्जमधीच हाय.” दुसऱ्या दिवशी गुळाची ढेप आमच्या दारात येऊन पडली.

मग त्यांची मुलगी गारगोटीहून पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. मी तिला ताई म्हणे. सातव्या महिन्यात ताईची साखर वर गेली, आणि काकांचं हसणं कमी झालं. डॉक्टरांनी पथ्य दिलं होतं. काकांनी त्यावर आणखी दोन पानं जोडली. कळस झाला डोहाळजेवणाला. रीतीप्रमाणे दोन वाट्या उपड्या ठेवल्या. एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. सगळ्या बायका वाकून बघत होत्या. ताईनं वाटी उचलली. खाली गाजर.

“गाजर म्हंजे वो काय?” एका मावशींनी विचारलं.

दुसरी वाटी उचलली. काकडी.

हसण्याचा असा काही स्फोट झाला की रस्त्यावरची रिक्षा थांबली. पण ताई हसली नाही. म्हणाली, “आबा, माझ्या बाळाला जन्माच्या आदीच पेशंट करू नगासा.” आणि आत निघून गेली.

काका गॅलरीत जाऊन बसले. मी गाजराची वाटी घेऊन उगीचच त्यांच्याशेजारी उभी राहिले. त्यांनी हळू आवाजात विचारलं. त्यांना हळू आवाज आहे, हे मला त्याच दिवशी कळलं.

“खरं सांग. मी आता भाकरी खाल्ली, गूळ सोडला, तर त्या बाळाच्या खुना पुसत्यात का?”

नाही, हे मला माहीत होतं. ताई तर कधीच जन्मली होती. काकांच्या ताटातलं आता रक्तातून पुढे जाणार नव्हतं. हो म्हणणं किती सोपं होतं.

“नाही काका,” मी म्हटलं. “तुमच्या रक्तातून आता काही जाणार नाही. पण ताई तुमच्याच घरात जेवते. तुम्ही जे खाता, ते ती न सांगता खाते. उद्या बाळही खाईल.”

त्यांनी माझ्या हातातली वाटी घेतली. मग म्हणाले, “म्हंजे रक्तातनं न्हाय, ताटातनं जातंय. मग ताट तर माझ्या हातात हाय की.” आणि गाजर उचलून खाल्लं.

त्या दिवसापासून ताईला त्यांनी एक शब्द सांगितला नाही. फक्त तिच्यासमोर बसून जेवत, मिटक्या मारत, आणि जेवण झालं की तिच्याबरोबर बागेपर्यंत चालून येत. ताईची साखर हळूहळू आटोक्यात आली. मुलगी झाली. काकांनी नवं रजिस्टर उघडलं आणि लिहिलं, “हीट एक. चार्ज : आईचं दूध. शेरा : घाई नको.”

मला बेंगळुरूला नोकरी लागली तेव्हा काका पिशवी घेऊन वर आले. आत सगळी रजिस्टरं.

“मला कशाला काका?”

“कास्टिंग कसं झालंय ते ओतल्या ओतल्या कळत न्हाय. नात पन्नाशीची हुईल तवा कळंल. तवा मी कुठला? तू लहान हाईस. काय इचारलं तिनं, तर पान उघडून दाखव.”

काका गेल्या वर्षी गेले. साठी त्यांनी बघितली, आणि वर नऊ वर्षं. एकोणसत्तर हा आकडा आता माझ्याकडून चुकत नाही. नात दहा वर्षांची आहे. दर रविवारी ती गारगोटीहून फोन करते, आणि मी, जिला फोनवर बोलायचं म्हटलं की अजूनही घाम फुटतो, समोर रजिस्टर घेऊन बसते.

“भाकरी लिही. अर्धी. वांगं लिही. आनि आईस्क्रीम. दोन.”

“दोन?”

“आईला म्हाईत न्हाय,” ती अगदी हळू बोलते. “पन तू लिही की. आजोबा म्हणायचे, खोटं हीट लिहायचं न्हाय.”

मी नंबर घालते आणि लिहिते. शेऱ्याची जागा मी मोकळी ठेवते; ते अक्षर माझं नव्हे.