साठ फिरंगी आणि फोडणीची पळी

माझ्या मुलीला पाढे येत नाहीत. आता ती मोठी आहे, एकटी जाते-येते, भाजी चांगली पारखून आणते. पण चार माणसांना तीन-तीन तर पोळ्या किती, असं कुणी विचारलं की तिचे ओठ नुसतेच हलायला लागतात, आणि मग ती माझ्याकडे बघते. ती बघते तेव्हा मी दुसरीकडे बघतो. का, ते सांगायला बसलोय. सांगायची वेळ होती तेव्हा मूग गिळून गप्प बसलो, आणि जिच्यावर त्याचा आळ आला ती बाई आता ऐकायला राहिलेली नाही.

नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. वसईजवळ बोळिंजला नवीन फ्लॅट घेतला होता. मी मुंबईतल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन, बायको सकाळच्या शाळेत शिक्षिका, मुलगी चार वर्षांची. कारखान्यात माझ्या शेजारच्या बोर्डावर भुईगावचा एक ख्रिस्ती मित्र होता. नाताळला तो घरापुढं येशूच्या जन्माचा गोठा करायचा, तो बघायला आसपासच्या गावांतून माणसं यायची. मी दिवाळीला बिल्डिंगखाली किल्ला करायचो. वय वर्षे पस्तीस, आणि पोरांना हात लावू द्यायचो नाही. असले आम्ही दोघं. आपल्यासारखं दुसऱ्या कुणाला जमत नाही, अशी दोघांचीही खात्री.

त्याचा भाऊ बोटीवर होता. त्यानं एकदा बाहेरून एक जुनं मासिक आणलं. त्यात टक्कल पडलेली, पोट सुटलेली मोठी माणसं टेबलावर डोंगर, नद्या, पूल मांडून बोटाच्या पेराएवढ्या सैनिकांची लढाई खेळत होती. फासे टाकायचे, पट्टीनं अंतर मोजायचं, कोण मेलं ते ठरवायचं. सैनिकांच्या कोटाची बटणंसुद्धा रंगवलेली. जेवणाच्या सुट्टीत बघून बघून आम्ही त्या मासिकाची पानं सुटी केली.

मग पैज लागली. वसईच्या किल्ल्याची लढाई मांडायची. गणपती गेले की सुरुवात करायची आणि नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत प्रत्येकानं साठ सैनिक करून रंगवायचे. त्यानं मराठे करायचे, मी फिरंगी, म्हणजे पोर्तुगीज. मी म्हटलं, उलटं का रे? तो म्हणाला, "आपली माणसं आपण न बघताच रंगवतो. दुसऱ्याची रंगवताना नीट बघावं लागतं." किल्ला त्यानं करायचा, बाहेरची खाडी, चिखल आणि माड मी. ज्याचे साठ पुरे होणार नाहीत त्यानं दुसऱ्याच्या घरादाराला जेवण घालायचं. बस, एवढीच पैज. एका जेवणाची.

सैनिक शिशाचे ओतायचे ठरले. पाचूबंदरच्या एका कोळी म्हातारीकडे जाळ्याला लावायच्या शिशाच्या जुन्या गोळ्या होत्या, त्या घेतल्या. पिशवी देताना तिनं आम्हाला दम भरला. "शिसा घरात नाय वितळवायचा. उघड्यावर, वाऱ्याकडं पाठ करून. नि हात धुतल्याबिगर पानीपन नाय प्यायचा." त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या तसंच करतात म्हणे. किनाऱ्यावर चूल मांडायची, बायका-पोरांना लांब बसवायचं. मला हसू आलं. म्हटलं, चला, आता समुद्रावरच्या भुतांच्या गोष्टी निघतील. मित्र हसला नाही. परतताना त्यानं पैजेत एक नियम वाढवला. ओतकाम फक्त भुईगावला, त्याच्या वाडीत, रविवारी. घरी न्यायचं ते थंड झालेलं, घासून धुतलेलं.

पहिले दोन-तीन रविवार झकास गेले. वाडीच्या टोकाला तीन दगडांची चूल, वर लोखंडी भांडं, प्लास्टरचे दोन तुकड्यांचे साचे दोरीनं बांधलेले. शिसं वितळलं की त्यावर राखाडी साय धरायची, ती बाजूला सारायची आणि ओतायचं. साचा उघडला की आत बंदूक खांद्यावर टाकलेला टीचभर माणूस. मला तर वेडच लागलं. पण मग माझे रविवार गेले. एकदा ओव्हरटाइम, एकदा बायकोच्या चुलतभावाचं लग्न, एकदा मला ताप. मित्राचे पंचेचाळीस झाले तेव्हा माझे पंचवीस होते, आणि सोमवारी बोर्डावर वाकल्या वाकल्या तो शीळ घालत म्हणाला, "वहिनींना पुरणपोळ्या लाटायला सांगून ठेव."

माझा स्वभाव तेव्हाही असाच. कुणी चेष्टेत डिवचलं तरी मी डोक्यात राख घालून घेणारा.

रविवारशिवाय मला बुधवारीही सुट्टी असायची. सकाळी बायको शाळेत, घरी मी आणि मुलगी. एक साचा आणि थोडं शिसं मी पिशवीत घालून घरी आणलं होतं. फ्लॅटमध्ये चूल कुठून आणणार, आणि अंगण कुठून? गॅस होता. लोखंडाचं असं घरात एकच भांडं होतं, फोडणीची पळी. लांब दांड्याची, खोलगट, ओतायला अगदी सोयीची. बायकोला पत्ता लागू नये म्हणून स्वयंपाकघराची खिडकीही अर्धीच उघडली. काम झालं की पळी राखेनं घासून, लख्ख करून, जिथल्या तिथं टांगायची. त्याच पळीत दुपारी बायको वरणाला फोडणी द्यायची.

मुलगी पाटावर बसून बघायची. साचा उघडला आणि सैनिक निघाला की टाळ्या पिटायची. त्याला ती "गरम काका" म्हणायची. मग मी वर्तमानपत्र पसरून सैनिकाच्या कडा कानशीनं घासायला बसायचो. कागदावर चकाकती भुकटी पडायची, त्यात ती बोटानं रेघा ओढायची. बोट तोंडात घालायची तिला सवयच होती. मला ते दिसत होतं. दिसत नव्हतं असं मी आज म्हणणार नाही. मी तिला एवढंच म्हटलं, "आईला सांगायचं नाही हां, आपली गंमत आहे." आणि त्या चार वर्षांच्या पोरीनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. बापाचं गुपित राखलं तिनं.

असे आठ-नऊ बुधवार झाले. दिवाळीनंतर तिचं पोट दुखायला लागलं. गुडघे पोटाशी घेऊन रडायची. शी होईना, जेवण जाईना, चेहरा पिठासारखा. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, मग टॉनिक दिलं. माझी सासू जवळच्या होळी गावात राहायची. वांगी-मिरच्या पिकवणाऱ्या घरातली विधवा बाई, दर शनिवारी टोपलीभर भाजी घेऊन यायची. तिनं दृष्ट काढली. येताना ती घरी केलेलं काजळही आणायची. दिव्यावर पितळी ताटली धरून काजळी जमवायची, तीत साजूक तूप कालवायचं, आणि चांदीच्या बारक्या डबीत भरायचं. आठवड्याचं काजळ घालणं हा तिचा मान होता. नातीला मांडीवर घेऊन ती घालायची आणि उरलेलं बोट स्वतःच्या केसांना पुसायची.

नाताळच्या आदल्या दिवशी माझे साठ पुरे झाले. मित्राचे छप्पन्न. चार मराठे बिनरंगाचे राहिले होते. मी माझे फिरंगी त्याच्या टेबलावर ओळीनं मांडले आणि तो मोजत गेला. मोजून झाल्यावर म्हणाला, "माझ्याकडं तू एवढे ओतलेच नाहीस." मी म्हटलं, "हरलास, आता कारणं सांगू नकोस." त्यानं फासे काढले. लढाई मांडली, तीही मीच जिंकलो. नाताळानंतरच्या रविवारी त्यानं आम्हाला जेवायला बोलावलं. त्याच्या बायकोनं कोंबडी केली होती, वडे केले होते, पोरांसाठी गोड केलं होतं. माझी मुलगी माझ्या मांडीवर पोट धरून बसून राहिली. तिनं एक घास खाल्ला नाही. मी तिचं ताटही संपवलं, कारण पैजेचं जेवण होतं.

जानेवारीत ती शब्द विसरायला लागली. बडबडगीत सुरू करायची आणि मध्येच थांबायची. तेव्हा मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. रक्त तपासलं. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, हिच्या अंगात शिसं गेलंय. मला सगळं कळलं, तिथंच, त्या खुर्चीत. बाई एकेक विचारत होत्या. घरात बॅटरीचं काम? रंगाचं? कसली जुनी भांडी? बायको नाही नाही म्हणत होती. मग त्यांनी विचारलं, सुरमा, काजळ?

बायको म्हणाली, "काजळ घालते माझी आई. घरी केलेलं."

बाई म्हणाल्या, घरचं असेल तर सहसा काही नसतं, पण डबी कसली आहे कोण जाणे. तूर्त बंद करा. मग माझ्याकडे वळल्या. "तुम्ही काय काम करता?"

"ड्राफ्ट्समन," मी म्हटलं. "कागदावरचं काम."

तेवढं बोललो. दिव्याच्या काजळीत शिसं नसतं, हे त्या खोलीत मलाच पक्कं माहीत होतं. पण मी तोंड उघडलं नाही. तिला इंजेक्शनं सुरू झाली. जे गेलं ते सगळं भरून येईल असं नाही, एवढं बाईंनी आधीच सांगून ठेवलं.

घरी आल्या आल्या मी साचा, कानस, उरलेलं शिसं आणि ती पळी एका गोणपाटात घातली आणि भुईगावला नेऊन मित्रापुढं टाकली. त्यानं गोणपाट उघडलं. पळी हातात घेऊन उलटसुलट बघितली. मग विचारलं, "पोरगी?" मी मान हलवली. तो म्हणाला, "मी त्या दिवशी मोजले तेव्हाच विचारायला हवं होतं. जिंकलेल्या माणसाला काय विचारायचं, म्हणून गप्प बसलो." मग म्हणाला, "वहिनींना सांग." मी म्हटलं, सांगतो. त्यानं ते सगळं वाडीत खोल खड्डा करून पुरलं, साठ फिरंगी आणि छप्पन्न मराठ्यांसकट. पुढं रोज शेजारी बसून तो फक्त मान वर करायचा. सांगितलंस का, म्हणून. मी नाही म्हटलं की परत बोर्डावर वाकायचा. वर्षभरानं त्यानं मान वर करणं सोडलं, आणि मग बोलणंही.

त्या शनिवारी सासू आली. बायकोनं तिला दारातच गाठलं. आयुष्यात आईला उलटून न बोललेली बाई, पण त्या दिवशी नाही नाही ते बोलली. तुझ्या त्या डबीनं माझी पोर गेली हातची, म्हणाली. सासू टोपली डोक्यावरून न उतरवताच उभी होती. मग तिनं टोपली खाली ठेवली, कनवटीची डबी काढली, आमच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि चहा न घेता गेली. मी आतल्या खोलीत होतो. भिंत पातळ होती, शब्द न्‌ शब्द ऐकू येत होता. एक पाऊल टाकलं असतं तर बाहेर आलो असतो.

सासू पुढंही यायची, भाजी आणायची. पण नातीला मांडीवर घ्यायची नाही. मुलगी आपण होऊन जवळ गेली तर हात पदराखाली घ्यायची. पुढं माझ्या मेहुण्याला मुलगा झाला. बारशाला सगळ्या बायका म्हणाल्या, आजीनं काजळ घालायचं. ती म्हणाली, "माझा हात नको पोराला." आणि मागच्या पडवीत जाऊन बसली. बायकोनं माझ्याकडे बघून नुसता सुस्कारा टाकला. आईला चूक कळली, यातच तिला बरं वाटत होतं.

दोन हजार सालानंतर तीन-चार वर्षांनी सासूनं अंथरूण धरलं. एका दुपारी मी होळीला तिच्याजवळ एकटाच होतो. बायको औषध आणायला गेली होती, मुलगी अंगणात. तेव्हा मुलगी बारा-तेरा वर्षांची होती आणि चौथीच्या पुस्तकात अडली होती. सासूनं मला खुणेनं जवळ बोलावलं. पाणी हवं असेल म्हणून मी वाकलो.

ती म्हणाली, "जावईबापू, एक सांगायचं होतं. सगळ्यांनी मला बोल लावला. पोटच्या मुलीनंपण लावला. तुम्ही एक दिवसपण बोलला नाहीत. तुमची पोर माझ्यामुळं अशी झाली, तरी तुम्ही मला आई म्हणत राहिलात. फार उपकार झाले तुमचे."

तिनं हात जोडले, मला.

मी ते हात धरून खाली केले. अंगणात मुलगी पायऱ्या मोजत होती. एक, दोन, तीन, पाच. माझ्या ओठांवर आलं होतं, सगळं, पळीसकट. आणि मी म्हटलं, "आई, बोलू नका फार. दम लागेल."

चौथ्या दिवशी ती गेली. बायकोला अजून माहीत नाही. हे लिहिलेलं मी आज जेवणं झाल्यावर तिच्या हातात देणार आहे.